घास अडण्याआधी

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एकाला बाजारामुळे ओळख मिळाली, दुसऱ्याला रेल्वेमुळे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला. पुढे इथल्या कापसासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने भुसावळ-बडनेऱ्यावरून लोहमार्ग टाकत आणला आणि १८६७ साली तो नागपूरला भिडवला. त्या मार्गावरच्या चांदूरला ‘रेल्वे’ हे आडनाव कायमचे चिकटले. या फलाटावरून आधी कापूस मुंबईला गेला, मग शिकायला आणि पोट भरायला निघालेली माणसे गेली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि त्यानंतर रुग्णही जाऊ लागले. ‘टाटाला नेले’ एवढे दोन शब्द वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात पुरतात, पुढे कोणी काही विचारत नाही. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कर्करोगासाठी या मार्गाने गेलेल्यांत बहुतेकांचा घास आधीच अडलेला असे, वजन उतरलेले असे. आता ज्या उपचाराचा इतिहास सांगायचा आहे, तो नेमका घास अडण्याच्या आधीच्या काळातच शक्य असतो. पोट न फाडता, छाती न उघडता, तोंडावाटे आत घातलेल्या दुर्बिणीतून कर्करोगाचा पापुद्रा सोलून काढायचा आणि अवयव जागच्या जागी ठेवायचा, असा हा उपचार आहे. त्याचे श्रेय साधारणपणे जपानी यंत्रांना आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. हा इतिहास मुळात सुरीचा नाही. दुखणे हाक मारण्याआधी त्याच्याकडे बघायला जाण्याच्या सवयीचा तो इतिहास आहे. ती सवय वऱ्हाडाच्या शेजारघरी, वर्ध्यात, दुसऱ्या एका रोगाच्या बाबतीत फार पूर्वी रुजली होती, म्हणून हा विषय चांदूरच्या माणसालाही परका नाही.

आधी ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ पक्का करू. अन्ननलिका ही ताणली जाणारी मांसल नळी आहे. आतून तिला नाजूक अस्तर असते, अस्तराखाली रक्तवाहिन्यांचा आणि लसिकावाहिन्यांचा सैल थर, आणि त्याबाहेर स्नायूंची भिंत. कर्करोग सुरू होतो अस्तरात. तिथे तो कितीतरी काळ एखाद्या लालसर, किंचित खरखरीत डागासारखा बसून राहतो. त्या अवस्थेत दुखत नाही, रक्त पडत नाही, भाकर सुखाने उतरते. नळीची पोकळी बरीचशी बुजली म्हणजे मग भाकरीचा तुकडा अडतो, माणूस घोटभर पाणी पिऊन तो खाली ढकलतो, काही दिवसांनी भाकर सोडून भातावर येतो, भातावरून पेजेवर. घरच्यांच्या दृष्टीने आजार इथे सुरू होतो. रोगाच्या दृष्टीने तो बराच पुढे गेलेला असतो, बहुधा स्नायूंपर्यंत आणि लसिका ग्रंथींपर्यंत. जठराचेही असेच. फक्त तिथे ‘पित्त झाले’ या समजुतीखाली आणखी काही महिने जातात. म्हणजे लवकरचा कर्करोग हा रुग्ण आपणहून घेऊन येत नाही. कोणीतरी बघितल्याशिवाय तो अस्तित्वातच येत नाही, असे म्हटले तरी चालेल.

बघणे सोपे नव्हते. लोहमार्ग नागपूरला पोचला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६८ साली, जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली. नळी गेली, पण आत उजेड पुरला नाही. पुढे १८८१ साली व्हिएन्नात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. जानेवारीत थिओडोर बिलरोट यांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग यशस्वीपणे कापून काढला. त्याच वर्षी त्यांचेच सहायक योहान फॉन मिकुलिच यांनी वैद्यकीय उपकरणे घडवणाऱ्या योसेफ लायटर यांच्या मदतीने, विजेने तापणाऱ्या प्लॅटिनमच्या तारेचा उजेड वापरून जठरात पाहण्याची नळी बनवली. बिलरोट यांची रुग्ण काही महिन्यांतच रोग परतून दगावली. तरी पुढची सत्तर-ऐंशी वर्षे वैद्यकाने मुख्यतः सुरीचीच वाट धरली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतली अन्ननलिका काढली आणि ती रुग्ण बाहेरून जोडलेल्या रबरी नळीवर पुढे बारा-तेरा वर्षे जगली. त्या धाडसाला तोड नाही. पण मिकुलिच यांची वाट मागे पडली, कारण ताठ नळी वाकत नव्हती आणि उजेड वाकवता येत नव्हता. उजेड वाकवण्याची युक्ती १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी प्रसिद्ध केली. काचेच्या बारीक तंतूंची जुडी वाकवली तरी तिच्यातून चित्र पलीकडे पोचते, हे त्यांनी दाखवले. तीन वर्षांत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत त्या तंतूंची लवचीक दुर्बीण बनवली आणि आधी स्वतःच्या घशात घालून पाहिली.

जपानने मात्र काचेच्या तंतूंची वाट पाहिली नाही. युद्धात होरपळलेल्या त्या देशात जठराचा कर्करोग हा सर्वांत मोठा मारेकरी कर्करोग होता. तात्सुरो उजी या डॉक्टरांनी ऑलिम्पस कंपनीच्या अभियंत्यांना गाठले आणि १९५० साली गिळता येईल असा चिमुकला कॅमेरा तयार झाला. डॉक्टरला आतले काही दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, रुग्णाच्या पोटाच्या कातडीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून कॅमेरा कुठे आहे हे ताडायचे, चित्रे घ्यायची आणि फिल्म धुतल्यावर मग पाहायचे. इतक्या अडाणी वाटणाऱ्या साधनाने त्यांनी चित्रांचे ढीग जमवले. ते ढीग शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरांशी ताडून पाहिले आणि १९६२ साली जपानच्या एंडोस्कोपी संघटनेने ‘लवकरचा जठर-कर्करोग’ याची व्याख्या ठरवली. लसिका ग्रंथींत पसरलेला असो वा नसो, जो अस्तरात किंवा अस्तराखालच्या थरातच आहे तो लवकरचा. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. सुरी अजून जन्मायची होती, पण तिचे लक्ष्य ठरले होते. पुढे क्ष-किरण यंत्रे लावलेल्या गाड्या जपानच्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या आणि काहीही तक्रार नसलेली माणसे बेरियम पिऊन रांगेत उभी राहिली. तेव्हा कुठे लवकरचे कर्करोग शेकड्यांनी, मग हजारांनी सापडू लागले. सापडू लागले म्हणून त्यांच्यावर हलका उपचार शोधण्याची गरज निर्माण झाली.

तो उपचार टप्प्याटप्प्याने आला. देठावर लोंबणारे कोंब तारेच्या फासात पकडून कापणे १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले होते. पण सपाट डाग फासात येत नाही. मग अस्तराखाली सुईने खारे पाणी टोचायची कल्पना आली. तव्यावरची भाकर आचेवर टाकली की पापुद्रा फुगून वेगळा होतो, तसे हे अस्तर पाण्यावर उचलले जाते आणि खालची स्नायूंची भिंत सुरक्षित अंतरावर राहते. १९८४ साली जपानी डॉक्टरांनी या फुगवट्याला धरून कापण्याची रीत मांडली. १९९० नंतर हारुहिरो इनोउए यांनी दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवून अन्ननलिकेतला डाग आत ओढून कापण्याची पद्धत रूढ केली. दोन्हींत एक उणीव राहिली. डाग दोन सेंटिमीटरहून मोठा असला की तो तुकड्यातुकड्यांनी निघे, आणि तुकडे जुळवून कडेला रोग उरला की नाही हे सांगता येत नसे. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात १९९० च्या दशकात विद्युत सुरीच्या टोकाला चिनी मातीचा लहानसा मणी बसवला गेला, म्हणजे टोक स्नायूंत रुतणार नाही आणि धार बाजूने चालेल. डागाभोवती आधी खुणेचे ठिपके द्यायचे, खाली निळसर रंग मिसळलेले द्रव टोचायचे, त्या सुरीने कड कापायची आणि मग खालचा थर धाग्याधाग्याने सोडवत अख्खा पापुद्रा एकसंध काढायचा. ताटलीवर टाचण्यांनी ताणून बसवलेल्या त्या पापुद्र्याच्या दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रुग्ण बहुधा काही दिवसांत घरी जातो, आणि त्याचे जठर त्याच्याकडेच असते. जपानच्या सरकारी विम्याने ही शस्त्रक्रिया जठरासाठी २००६ साली आणि अन्ननलिकेसाठी २००८ साली मान्य केली.

इथे जुन्या शस्त्रवैद्यांचा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नव्हता. जठर काढताना आपण भोवतालच्या लसिका ग्रंथीही काढतो, तुम्ही नुसते अस्तर सोलता, ग्रंथीत एक पेशी जरी गेली असेल तर तुम्ही रुग्णाला फसवले, असे ते म्हणत. याचे उत्तर हातकौशल्याने देता येण्यासारखे नव्हते, ते मोजणीने दिले गेले. २००० साली ताकुजी गोतोदा आणि सहकाऱ्यांनी लवकरच्या कर्करोगासाठी जठर काढलेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अस्तरापुरताच असलेला, सुसंघटित पेशींचा, तीन सेंटिमीटरपर्यंतचा आणि वाहिन्यांत न शिरलेला कर्करोग १,२३० जणांत होता. त्यांतल्या एकाच्याही ग्रंथीत रोग नव्हता. व्रण नसलेल्या अशाच ९२९ डागांत, आकार कितीही असो, संख्या पुन्हा शून्य. ज्यांची जठरे काढली गेली त्यांच्यामुळे पुढच्यांची जठरे वाचली, हे ऋण या शाखेने कधी विसरू नये. अन्ननलिकेत मात्र नियम कडक ठेवावे लागले. तिथे लसिकावाहिन्या अस्तराच्या फार जवळ येतात. वरच्या दोन पातळ थरांपुरत्या रोगात ग्रंथी जवळजवळ निर्मळ असतात, पण अस्तराखालच्या थरात २०० मायक्रॉनहून खोल गेलेल्या रोगात तीनांतल्या एकाच्या आसपास, कधी त्याहून जास्त जणांच्या ग्रंथीत तो सापडतो. शिवाय नळीच्या घेराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग सोलला तर भरताना ती आवळते आणि घास पुन्हा अडतो, म्हणून स्टेरॉइड टोचावे लागते, फुगा घालून ती ताणावी लागते. रक्तस्राव आणि भोक पडणे हे धोकेही आहेत. उपचार हलका आहे, पण क्षुल्लक नाही. तो कोणाला द्यायचा हे डागाची खोली ठरवते, आणि खोली ठरवतो वेळ.

दुसरा आक्षेप आपल्याकडून येतो. जपानमध्ये जठराचा कर्करोग घरोघरी, म्हणून त्यांनी गाड्या फिरवल्या. आपल्याकडे त्याचे प्रमाण त्या मानाने कितीतरी कमी, मग चांदूरच्या धडधाकट माणसाच्या घशात नळी का घालायची? जठरापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. सरसकट सर्वांची जठरे तपासणे महाराष्ट्रात शहाणपणाचे नाही. पण अन्ननलिकेची गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण अन्ननलिकेच्या कर्करोगाचे आहेत, आणि त्यामागची कारणे आपल्या परिचयाची आहेत. १९५५ सालीच टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांतून संघवी, राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचे कर्करोग यांचा संबंध आकड्यांनिशी मांडला होता. सत्तर वर्षे झाली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाताना आढळले. विदर्भात ती खर्ऱ्याच्या रूपाने पानठेल्यावर घोटली जाते, आणि २०१२ च्या गुटखाबंदीनंतरही खर्रा कुठे नाहीसा झाला नाही. तेव्हा इथे सर्वांना तपासण्याचा प्रश्न नाही, काहींना तपासण्याचा आहे. ते काही कोण, हे आपल्याला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे.

खानोलकरांचे नाव आणखी एका कारणाने इथे महत्त्वाचे. कर्करोगाइतकेच काम त्यांनी कुष्ठरोगावर केले, आणि कुष्ठरोगाच्या बाबतीत या भागाने देशाला जे शिकवले ते आज उपयोगी पडणारे आहे. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. तोवर कुष्ठसेवा म्हणजे आश्रम. हातपाय झडलेल्या माणसाला आसरा देणारे अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन हे त्याचे थोर उदाहरण. वर्ध्याच्या डॉ. र. वि. वर्देकरांनी त्यापुढे एक पाऊल टाकले. रुग्ण येण्याची वाट बघायची नाही, गावोगाव घरोघर जाऊन अंग तपासायचे, चट्टा बधिर आहे का पाहायचे, लोकांना समजावायचे आणि तिथेच गोळ्या सुरू करायच्या. पाहणी, शिक्षण, उपचार ही ती त्रिसूत्री पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा झाली. चट्टा सापडला तेव्हा बोटे शाबूत होती, हेच त्या कामाचे यश. जपानी डॉक्टर जठराच्या डागाबद्दल जे म्हणत होते तेच वर्धेकाठी कातडीच्या डागाबद्दल, त्याच दशकात, अमलात येत होते. चांदूरच्या शेजारी मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज, आणि त्यांच्या ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. महाराज स्वतः ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने गेले, आणि नागपूरच्या विभागीय कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. आजार गावात शोधायचा ही कल्पना या मातीत उपरी नाही, हे सांगण्यासाठी एवढे पुरे.

कातडी उघडी असते आणि अन्ननलिका झाकलेली, ही तुलना ताणलेली आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, दुर्बीण घरोघर नेता येत नाही. पण झाकलेल्या अवयवातही शोध घेता येतो, हे मराठवाड्याने दाखवले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे आले. त्या स्त्रिया खेड्यातल्या होत्या, लाजऱ्या होत्या, त्यांना काही त्रासही नव्हता. तरी त्या आल्या, कारण कोणीतरी त्यांच्या गावी जाऊन समजावले होते.

सर्वांत अवघड शंका शास्त्राची आहे. रोग आधी सापडला म्हणून रुग्ण ‘जास्त वर्षे जगला’ असे वाटते, मरण त्याच तारखेला येते, फक्त आजाराची जाणीव आधी झालेली असते. नुसत्या ‘पाच वर्षे जगले’ अशा आकड्यांवर मीही विश्वास ठेवणार नाही. त्यासाठी गावेच्या गावे शेजारी ठेवून मृत्यू मोजावे लागतात, आणि चीनच्या हबेई प्रांतातल्या त्सीश्येन तालुक्यात ते झाले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पछाडलेल्या त्या भागात काही गावांतल्या ४० ते ६९ वयाच्या लोकांची एकदाच दुर्बिणीने तपासणी केली. अस्तरावर आयोडीन फवारले, कारण निरोगी अस्तर तपकिरी होते आणि रोगट डाग फिका राहतो. सापडलेले डाग काढले आणि दहा वर्षे वाट पाहिली. तपासलेल्या गावांत या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण ३.३५ टक्के राहिले, न तपासलेल्या गावांत ५.०५ टक्के. २०१५ साली प्रसिद्ध झालेले हे आकडे माणसे खरोखर वाचल्याचे सांगतात. वऱ्हाडात रोगाचे प्रमाण त्सीश्येनइतके भयंकर नाही, म्हणून ती योजना जशीच्या तशी इथे आणा असे मी म्हणत नाही.

म्हणणे एवढेच आहे की आपल्याकडे बघण्याजोगी माणसे आधीच रुग्णालयाच्या दारात उभी आहेत. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर उपचार झालेला माणूस ज्या तंबाखूने तोंड गमावतो, तीच तंबाखू त्याच्या अन्ननलिकेवरूनही गेलेली असते. त्याला तिथे दुसरा कर्करोग होण्याचा धोका इतरांहून मोठा असतो. असे रुग्ण नागपूर, सेवाग्राम, अकोला, अमरावती इथल्या रुग्णालयांत तपासणीला येतच राहतात. त्यांच्या अन्ननलिकेत दुर्बीण घालताना आयोडीनची फवारणी करणे किंवा अरुंद पट्ट्याचा निळा-हिरवा उजेड वापरणे, याला नवी इमारत लागत नाही. २०१० साली जपानमधल्या ३२० रुग्णांवरच्या तुलनेत या उजेडाने अन्ननलिकेतले ९७ टक्के उथळ कर्करोग दिसले, साध्या पांढऱ्या उजेडाने ५५ टक्के. म्हणजे नुसते बघणेही पुरत नाही, कसे बघायचे ते शिकावे लागते. सोलून काढण्याचे काम मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयासह मोठ्या केंद्रांत होते, ते तिथेच राहू दे. चांदूरला त्या सुरीची गरज नाही. चांदूरला गरज आहे ती वर्षानुवर्षे खर्रा-बिडी घेणाऱ्या आणि दारूही पिणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला, तोंडात चट्टा असणाऱ्याला, घशाचा उपचार झालेल्याला, घास सुखाने उतरत असतानाच अमरावतीला किंवा सेवाग्रामला धाडणाऱ्या डॉक्टरची आणि आशाताईची.

खर्चाचे काय, हा प्रश्न उरतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा, केमोथेरपीचा भार उचलते. तो भार उचललाच पाहिजे. पण योजना उपचाराची आहे, बघण्याची नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या तपासणीतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, अन्ननलिका नाही. ज्या माणसाला धोका ठाऊक आहे त्याची दुर्बिणीची तपासणी सरकारी खर्चाने झाली, तर पुढचे कितीतरी मोठे खर्च आणि कितीतरी मोठी दुःखे टळतील. हे काम अमरावती विभागातून सुरू व्हावे, अशी आरोग्य खात्याला आणि इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे.

रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी शयनयान डब्यातून विनामूल्य नेते, सोबत्यालाही सवलत देते. त्यासाठी रोग झाल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. रोग झाला आहे का हे बघायला चांदूरहून निघालेल्या माणसाला अजून पूर्ण तिकीट काढावे लागते.